चिमणराव असे का वागले? – बडोद्याचे प्राध्यापक चिं. वि. जोशी

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो. धड्यातील अमुक पात्राचे स्वभावचित्र तुमच्या शब्दांत लिहा. उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की बहुतेकांची उत्तरे एकसारखी निघतात. ते पात्र प्रेमळ असते, नाहीतर लोभी असते, नाहीतर भित्रे असते. दोन विशेषणे लिहायची, त्यांना धड्यातल्या एका प्रसंगाचे ठिगळ जोडायचे, की पाच ओळी भरतात आणि तीन गुणही मिळतात. पण ते पात्र तसे का वागले, त्याला काय हवे होते आणि कशाची धास्ती वाटत होती, हे त्या उत्तरात सापडत नाही. विशेषण म्हणजे पात्रावर चिकटवलेली चिठ्ठी. ती चिकटवली की आत काय आहे हे पाहण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते.

असे आत डोकावून पाहणारा एक मोठा लेखक आपल्याच बडोद्यात जवळजवळ तीस वर्षे राहिला. दांडिया बाजारातून रावपुरा, कोठी ओलांडून काळ्या घोड्याच्या पुढे गेलो की कॉलेजचा भव्य घुमट दिसतो. त्या कॉलेजात ते पाली शिकवत असत. त्यांचे नाव चिंतामण विनायक जोशी. महाराष्ट्र त्यांना चिं. वि. जोशी म्हणून ओळखतो आणि त्याहूनही अधिक चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक म्हणून ओळखतो. तुमच्या आजी-आजोबांना ही दोन नावे नुसती सांगून पाहा, चेहऱ्यावर हसू उमटेल. तुमच्यापैकी अनेकांच्या कानावरून मात्र ती गेलीही नसतील. म्हणून या अंकात त्यांचा परिचय.

पुण्याहून बडोद्याला

चिं. वि. जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. शिक्षणही पुण्यातच झाले. फर्ग्युसन कॉलेजात असताना त्यांना एक विलक्षण गुरू लाभले, ते म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले कोसंबी बुद्धाच्या शिकवणुकीचा शोध घेत घर सोडून निघाले, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे हिंडले आणि पाली भाषेचे गाढे पंडित होऊन परतले. १९१२ पासून ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले.

या गोष्टीत आपल्या बडोद्याचा धागा आहे. कोसंबी महाराष्ट्रात स्थिरावून लेखन करू शकले, ते श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले म्हणून. अट एवढीच होती, की त्यांनी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबी यांनी बडोद्यात व्याख्यानेही दिली. ती १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपात आली. बडोद्याच्या खजिन्यातून गेलेल्या त्या मदतीने पुण्यात पालीचे रोप लागले, आणि त्याच रोपाचे एक फळ पुढे बडोद्याच्याच पदरात पडले. कोसंबी यांचे विद्यार्थी चिं. वि. जोशी हे १९२० साली बडोदे कॉलेजात प्राध्यापक होऊन आले.

तेव्हाचे बडोदे मराठी वाचनाने गजबजलेले होते. संस्थानात गावोगाव वाचनालये उघडली होती. प्राथमिक शिक्षण १९०६ पासून संपूर्ण संस्थानात सक्तीचे होते. मराठी साहित्य संमेलन १९०९ मध्ये येथे भरले होते. जोशी आल्यानंतर १९२१ मध्ये न. चिं. केळकरांच्या आणि १९३४ मध्ये ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा भरले. अशा गावात जोशी रमले. कॉलेजातील अध्यापनाबरोबर संस्थानच्या दप्तरखान्याची जबाबदारीही पुढे त्यांच्याकडे आली. जुने कागद लावणे, वाचणे आणि जपणे हे ते काम.

एका टेबलावर दोन प्रकारचे कागद

त्यांच्या आयुष्यातील एक योगायोग मोठा गमतीदार आहे. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी ही संस्था पालीतील ग्रंथ शास्त्रशुद्ध रीतीने छापून प्रसिद्ध करते. 'पटिसंभिदामग्ग' या ग्रंथावर 'सद्धम्मप्पकासिनी' नावाची टीका आहे. तिचे संपादन जोशी यांनी या संस्थेसाठी केले. ते तीन भागांत, १९३३ ते १९४७ या काळात प्रसिद्ध झाले. जगभरचे पालीचे अभ्यासक ज्यांच्याकडे वळतात त्या ग्रंथांत आपल्या बडोद्याच्या प्राध्यापकांचे हे काम आहे.

या संपादनाचा पहिला भाग निघाला त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, त्यांचे 'चिमणरावांचे चऱ्हाट' प्रसिद्ध झाले. आदल्या वर्षी 'एरंडाचे गुऱ्हाळ' आले होते. पुढे 'वायफळाचा मळा', 'आणखी चिमणराव', 'गुंड्याभाऊ' अशी पुस्तके येत राहिली. ही नावेही बघण्यासारखी आहेत. उसाच्या गुऱ्हाळातून रस निघतो, एरंडाच्या गुऱ्हाळातून काय निघणार? लांबतच जाणाऱ्या कंटाळवाण्या बोलण्याला आपण चऱ्हाट म्हणतो. लेखकाने स्वतःच्या लेखनाला आधीच नावे ठेवून घेतली, मग टीकाकारांनी नवीन काय म्हणायचे?

एकीकडे अडीच हजार वर्षांच्या परंपरेतला गंभीर ग्रंथ आणि दुसरीकडे पुण्यातल्या एका कारकुनाची फजिती. ही दोन कामे एकमेकांना अगदी परकी वाटतात. पण थोडा विचार केला, तर दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. माणूस वागतो तसा का वागतो, हा तो प्रश्न.

कृती आणि हेतू

बुद्धाच्या शिकवणुकीत कर्म म्हणजे केवळ हाताने घडलेली कृती नव्हे. कृतीमागची चेतना, म्हणजे मनातला हेतू, हेच खरे कर्म. भिक्षूंच्या नियमांतही ही दृष्टी दिसते. एखादी गोष्ट जाणूनबुजून केली की नकळत हातून घडली, हे पाहून अनेक नियमांत दोष ठरवला जाई. पालीच्या अभ्यासकाला त्यामुळे एक सवय लागते. काय घडले हे वाचून तो थांबत नाही, कोणत्या मनाने घडले हेही विचारतो.

पालीतील जातककथा या दृष्टीने फार उपयोगी आहेत. त्यांची संख्या ५४७ आहे. जोशी यांनी जातकांतील निवडक गोष्टी मराठीत आणल्या. या कथांची मांडणी मोठी शास्त्रशुद्ध असते. आधी बुद्धाच्या काळात घडलेला एखादा प्रसंग येतो, मग त्यावरून सांगितलेली पूर्वजन्मीची गोष्ट येते आणि शेवटी त्या गोष्टीतले कोण आताचे कोण, याचा मेळ घातला जातो. म्हणजे प्रसंग बदलला, वेश बदलला, तरी मनाची ओढ तीच राहते, हे वाचणाऱ्याला दाखवून दिले जाते.

सुवर्णहंसाची जातककथा घेऊ. एक गृहस्थ मरण पावतो आणि सोन्याच्या पिसांचा हंस होऊन जन्माला येतो. त्याला मागचा जन्म आठवत असतो. आपली बायको आणि नंदा, नंदावती, सुंदरीनंदा या तीन मुली लोकांच्या घरी कामे करून पोट भरतात, हे त्याला कळते. तो त्यांच्याकडे येतो आणि एक सोन्याचे पीस देऊन जातो. असे अधूनमधून येत राहून तो एकेक पीस देतो. घर सावरते. मग एक दिवस आईच्या मनात येते, की पाखराच्या मनाचा भरवसा काय? उद्या हा आलाच नाही तर? पुढच्या वेळी आला की सगळी पिसे उपटून घ्यावीत. मुली नको म्हणतात, वडिलांना वेदना होतील म्हणतात. आई ऐकत नाही. ती पिसे उपटते आणि बळजबरीने घेतलेली ती पिसे बगळ्याच्या पिसांसारखी साधी होऊन जातात. हंसाला पुन्हा पिसे फुटतात ती पांढरी. मग तो उडून जातो, तो परत येत नाही.

या आईचे स्वभावचित्र लिहा, असे विचारले तर आपण काय लिहू? लोभी. एका शब्दात काम झाले. पण गोष्ट पुन्हा वाचा. आईला दागिने हवे होते, महाल हवा होता, असे काही गोष्टीत नाही. तिला भीती वाटली. लोकांच्या घरची भांडी घासण्याचे दिवस तिने पाहिले होते आणि ते परत येतील ही धास्ती तिच्या मनात होती. लोभाच्या खाली भीती होती.

मग आई निर्दोष का? तसेही नाही. तीच गरिबी तिन्ही मुलींनीही सोसली होती. त्यांनी मात्र नको म्हटले. म्हणजे परिस्थिती चौघींची एक होती, फरक होता तो नजरेत. आईला पिसे दिसत होती, मुलींना वडील दिसत होते. पात्राचा हेतू समजून घेणे म्हणजे त्याच्या चुकीवर पांघरूण घालणे नव्हे. त्याची चूक नेमकी कुठे सुरू झाली, हे शोधून काढणे होय.

चिमणरावांचे मन

आता या दृष्टीने चिमणरावांकडे येऊ. चिमणराव जोग हे पुण्यातले साधे मध्यमवर्गीय कारकून. पत्नीचे नाव काऊ, मुलांची नावे मोरू, मैना आणि राघू. चिमणी, कावळा, मोर, मैना आणि पोपट असा हा पाखरांचा संसार. पाखरासारखाच बिचारा जीव. मोठे पंख नाहीत, धारदार चोच नाही, पण घरट्याची काळजी अखंड. सोबतीला नात्यातले गुंड्याभाऊ. हे अंगाने दणकट आणि मनाने बेधडक.

बहुतेक गोष्टी चिमणराव स्वतःच सांगतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. स्वतःची गोष्ट सांगणारा माणूस आपल्या प्रत्येक कृतीला एक चांगले कारण देतो. चिमणरावही देतात. माघार घेतली तर ती विचारपूर्वक घेतलेली असते. खर्च टाळला तर तो तत्त्वासाठी असतो. गप्प बसले तर ते सभ्यपणा म्हणून. वाचणाऱ्याला मात्र या कारणांच्या मागे दुसरे काहीतरी दिसत राहते. लोक काय म्हणतील ही चिंता, साहेबाचा धाक, बायको-मुलांसमोर कमी पडू नये ही धडपड आणि चारचौघांत अब्रू जाईल ही भीती. चिमणराव जे सांगतात आणि आपल्याला जे कळते, त्या दोन्हींमध्ये जी फट असते, त्या फटीतून हसू येते.

गुंड्याभाऊंचे उलट आहे. त्यांना कारणे द्यावी लागत नाहीत. मनात आले की हात पुढे. आपल्या माणसासाठी उभे राहायचे एवढेच त्यांना ठाऊक, परिणामांचा विचार नंतर. दोघे एकाच कामाला निघतात, पण दोघांची ओढ वेगळी असते. एकाला कुठे काही बिघडू नये असे वाटते, दुसऱ्याला काम तडीस जावे असे वाटते. त्यामुळे एक मागे ओढतो, दुसरा पुढे रेटतो आणि गोंधळ उडतो. आपल्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या मुले तयार झाली. तालमीची हवा ज्या घरांना लागली आहे, त्यांना गुंड्याभाऊंसारखा एखादा काका आठवल्यावाचून राहणार नाही. आणि चिमणरावांसारखा एखादा मामाही!

जोशी यांच्या विनोदाचे मोठेपण याच्यातच आहे. भित्र्या माणसाची टिंगल करणे सोपे असते. पण टिंगल करणारा लांब उभा राहून बोट दाखवतो. जोशी लांब उभे राहिले नाहीत. कारकुनाच्या तुटपुंज्या पगारात घर चालवताना माणूस मोठा शूर का राहू शकत नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून ते चिमणरावांची फजिती करतात, पण त्यांचा अपमान करत नाहीत. गोष्ट संपल्यावर आपल्याला चिमणरावांचा राग येत नाही. उलट आपलीच एखादी जुनी सबब आठवून आपण थोडे ओशाळतो.

पडद्यावर आणि त्यानंतर

ही जोडी पुस्तकातच राहिली नाही. मास्टर विनायक यांनी १९४० मध्ये 'लग्न पहावे करून' आणि १९४२ मध्ये 'सरकारी पाहुणे' हे चित्रपट काढले. त्यांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर मालिका आली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी पोहोचवली.

१९४९ हे वर्ष बडोद्याच्या इतिहासात महत्त्वाचे. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. त्याच सुमारास जोशी सेवानिवृत्त झाले. लेखन मात्र थांबले नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. चिमणरावांच्या मूळ पुस्तकांपैकी महत्त्वाची बहुतेक पुस्तके प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचा लेखक बडोद्यात राहत होता. गोष्टी पुण्यातल्या, पण त्या बडोद्याच्या घरात बसून लिहिलेल्या. आपले गाव थोडे दुरून पाहिले की तिथली माणसे अधिक स्पष्ट दिसतात. बाहेरगावी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

हे आपल्या काय कामाचे?

एक प्रसंग समजा. हा मनाने रचलेला आहे, कोणी स्वतःवर ओढून घेऊ नये. पोळातली मुले गणपतीची वर्गणी गोळा करत आहेत. एक मुलगा तीन दिवस रोज सांगतो की पैसे आणायला विसरलो. चौथ्या दिवशी इतर मुले त्याला चिक्कू म्हणून चिडवू लागतात. तो चिडतो आणि म्हणतो, मला तुमचा गणपतीच आवडत नाही. त्या दिवसापासून तो मंडपात येत नाही.

हीच गोष्ट धड्यात आली आणि स्वभावचित्र विचारले, तर आपण त्याला चिक्कू, विसराळू किंवा गर्विष्ठ लिहू. आता चिं. वि. जोशी यांच्या पद्धतीने चार प्रश्न विचारू. तो तोंडाने काय सांगतो? विसरलो म्हणतो. प्रत्यक्ष काय करतो? पैसे देत नाही, पण तीन दिवस रोज येतो मात्र. ज्याला गणपती आवडत नाही तो रोज कशाला येईल? मग त्याला हवे काय आहे? सगळ्यांबरोबर मंडपात राहायचे आहे. आणि भीती कशाची? बहुधा घरी पैसे मागण्याची, किंवा घरी पैसे नाहीत हे इतरांना कळण्याची. चार प्रश्नांनंतर तोच मुलगा वेगळा दिसू लागतो. त्याच्याशी काय बोलायचे हेही आपोआप कळते.

लक्षात घ्या, त्याच्या मनातले आपण ओळखले ते कल्पनेच्या भराऱ्या मारून नव्हे. रोज येणे, विसरलो म्हणणे आणि मग एकदम चिडणे या गोष्टी प्रसंगातच होत्या. पात्राचा हेतू सांगताना असा पुरावा गोष्टीतून काढून दाखवावा लागतो. पुराव्यावाचून सांगितलेला हेतू म्हणजे आपण पात्रावर केलेला आरोप. जुन्या दप्तरातले कागद सांभाळणाऱ्या आणि पोथीतला शब्द न्‌ शब्द पारखणाऱ्या माणसाला ही शिस्त ठाऊक असणारच.

पालकांनाही एक विनंती. मूल खोटे बोलले की आपण त्याला लगेच खोटारडा म्हणतो. तीही एक चिठ्ठीच झाली. खोट्याला शिक्षा करायची की नाही हा पुढचा प्रश्न. आधी ते कशाला भिऊन बोलले, हे शांतपणे विचारून पाहावे. कधीकधी उत्तर आपल्याच घरात, आपल्याच आवाजाच्या पट्टीत सापडते. आणि विश्वस्त मंडळींनी शाळेच्या ग्रंथालयात चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांसाठी एक खण राखून ठेवला, तर बडोद्याच्या एका प्राध्यापकाची आठवण बडोद्याच्या मुलांना राहील. २०१८ मध्ये साहित्य संमेलन पुन्हा आपल्या गावी भरले होते. आपल्या गावच्या लेखकांची पुस्तके मुलांच्या हाती पडली, तर त्या संमेलनाचे चीज होईल.

विद्यार्थी मित्रांनो, या महिन्यात एवढे करा. चिमणरावांची कोणतीही एक गोष्ट मिळवून वाचा. मिळाली नाही तर आजोबांना आठवेल ती सांगायला लावा. मग वहीत चार ओळी लिहा. चिमणराव काय सांगतात, काय करतात, त्यांना काय हवे आहे आणि कशाची भीती वाटते. प्रत्येक ओळीपुढे गोष्टीतला पुरावा लिहा. एकही विशेषण वापरायचे नाही, एवढीच अट. वही आपल्या मराठीच्या शिक्षकांना दाखवा. आणि जमल्यास पाचवी ओळ स्वतःसाठी लिहा, ती कोणालाही दाखवू नका. या आठवड्यात आपण कोणती सबब सांगितली, आणि तिच्यामागे खरे काय होते?